काच खाली घ्यायची की नाही

प्रश्न एका शिक्षिका ताईंचा आहे. त्या वर्षभरापूर्वी कार शिकल्या आणि लातूरहून अंबाजोगाईला स्वतः गाडी चालवत जातात-येतात. मागच्या आठवड्यात रेणापूर फाट्याच्या पुढं, रस्ता दुपदरी आहे तिथं, एक प्रवासी जीप त्यांच्या मागं लागली. हॉर्न, डिपर, परत हॉर्न. ताईंना साईड द्यायला जरा उशीर झाला. जीपवाल्यानं पुढं जाऊन मुद्दाम ब्रेक मारला, गाडी आडवी लावली आणि उतरून शिव्या दिल्या. ताईंनी काच खाली घेऊन त्याला सुनावलं. शेजारी त्यांची आठ वर्षांची मुलगी बसलेली होती. लोक जमले तसा तो निघून गेला. तेव्हापासून मागं हॉर्न वाजला की ताईंचे हात थरथरतात, आणि घरचे म्हणतात गाडी सोड, बसनं जा. त्यांनी विचारलंय, अशा माणसाला काय उत्तर द्यायचं, आणि गप्प बसलं तर आपण भित्रे ठरत नाही का?

ताई, मी तीन वर्षं ट्रकवर क्लीनर होतो, अकरा वर्षं मालट्रक चालवला आणि आता सतरा वर्षं झाली, लातुरात ड्रायव्हिंग शिकवतोय. तुमच्यासारखा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेक वेळा गाडी शिकून सहा महिने ते वर्ष झालेलं असतं, हात बसलेला असतो आणि मग असा एखादा प्रसंग येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही उत्तर काय द्यायचं ते विचारलंय. माझ्या मते तो माणूस तुमच्या काचेपाशी आला तोवर उत्तराची वेळ टळून गेली होती. पहिला हॉर्न वाजल्यापासून जीप आडवी लागेपर्यंत दोन-तीन क्षण असे आले असतील की तिथं हे प्रकरण मोडता आलं असतं. ते क्षण ओळखता येणं हा शिकण्याचा भाग आहे आणि ते नक्की शिकता येतं. दुसरा भाग इज्जतीचा. तो मी टाळणार नाही, कारण आपल्याकडची रस्त्यावरची भांडणं तिथंच अडकतात.

एक आधीच सांगतो, सगळीकडं एकच उपाय चालत नाही. दुपदरी रस्त्यावर जे करायचं ते तुळजापूर–औसा चौपदरी रस्त्यावर करायची गरजच पडत नाही. समृद्धी महामार्गावर जालना किंवा संभाजीनगरच्या टप्प्यात कुणी मागं लागलं तर डावीकडची लेन धरायची आणि वेग हळूहळू कमी करायचा. तिथं मध्येच थांबणं हेच सगळ्यात धोक्याचं. दिवसा भर बाजारात आणि रात्री निर्जन रानात, गाडीत लेकरू असताना आणि एकटं असताना, नुसत्या शिव्या झाल्यात की गाडीला गाडी लागली आहे, यावर बरंच अवलंबून असतं. मी तुमच्या रस्त्याचा आणि तुमच्या प्रसंगाचा विचार करून लिहितोय.

सुरुवात हॉर्नपासून करू. नवीन शिकणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात हॉर्न ऐकायला शिकवतो. आपल्या रस्त्यावर दोन छोटे हॉर्न म्हणजे ‘मी मागं आहे, ध्यानात ठेवा’. त्यात राग नसतो. ट्रकच्या मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचे ते याच सवयीतून. महाराष्ट्रात २०१५ साली त्यावर बंदी आली, सवय काही गेली नाही. एक लांब हॉर्न म्हणजे घाई आहे. आणि लांब हॉर्नच्या जोडीला डिपर चालू आहे, आरशात त्याचे हेडलाईट दिसेनासे होऊन नुसती काच आणि बोनेट दिसतंय, तर तो अंगावर आलाय. सावध व्हायचं ते इथं. नवीन माणसाला पहिलाच हॉर्न शिवीसारखा लागतो. मग तो घाबरून एकदम ॲक्सिलरेटर दाबतो किंवा हट्टानं जागा सोडत नाही. मागच्याला दोन्हींतून एकच कळतं, की पुढचा आपल्याशी खेळतोय.

तुमच्या मागचा जीपवाला होता. जीपवाल्याचं गणित वेगळं असतं. पुढच्या फाट्यावर चार सिटा उभ्या असतात आणि त्याच्या मागून दुसरी जीप येत असते. आधी पोचेल त्याला सिटा मिळतात. डिझेल, हप्ता, मालकाचा हिशेब हे सगळं त्या चार सिटांवर असतं. यानं त्याचं वागणं बरोबर ठरत नाही. आठ-दहा माणसं बसवून असा ब्रेक मारणाऱ्याच्या हातात गाडी असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो हॉर्न ‘बाई गाडी चालवतेय’ म्हणून वाजत नव्हता, निदान सुरुवातीला तरी. पुढं काच खाली आल्यावर तो बाईपणावरून बोलला असेल तर ते वेगळं. अशा वेळी तोंडात सगळ्यात आधी तेच येतं, हे मी माझ्याकडं शिकून गेलेल्या कितीतरी मुलींकडून ऐकलंय.

आता साईड देण्याचं. बहुतेकांना वाटतं साईड दिली म्हणजे आपण मागं पडलो. जरा हिशेब करा. तुम्ही ताशी ६० किलोमीटरनं चाललात. मागच्याला जाऊ द्यायला दहा सेकंद वेग ४० वर आणलात. दहा सेकंदांत ६० च्या वेगानं १६७ मीटर जाता, ४० च्या वेगानं १११ मीटर. फरक पडला ५६ मीटरचा. परत ६० चा वेग घेतलात की ते ५६ मीटर भरायला साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. एक गाडी पुढं जाऊ देण्याची किंमत एवढीच. दिवसभरात अशा दहा गाड्या सोडल्या तरी अर्ध्या मिनिटाच्या वर थोडंसं जातं. शाळेची घंटा त्यानं चुकत नाही. चुकली तर घरून उशिरा निघाल्यानं चुकते.

पण साईड कशी द्यायची हेही महत्त्वाचं. डावा इंडिकेटर द्या, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी सरळ ठेवून डांबराच्या डाव्या कडेला या. ब्रेक एकदम दाबू नका. मागचा बोनेट लावून बसलाय, त्याच्या अंगावर येईल. हात बाहेर काढून ‘जा, जा’ करू नका. समोरून काय येतंय ते त्याचं त्यानं बघायचं, ती जबाबदारी आपण घ्यायची नाही. उजवा इंडिकेटर देऊन तर कुणाला बोलावूच नका. ट्रकवाल्यांत कुणी उजवा इंडिकेटर ‘रस्ता मोकळा आहे, या’ म्हणून देतो, कुणी ‘मी उजवीकडं वळतोय’ म्हणून, आणि या गोंधळात माणसं गेलेली मी पाहिली आहेत.

अजून एक, हे खास आपल्या भागासाठी. साईडपट्टीवर उतरू नका, निदान वेगात तरी नाहीच. आपली काळी जमीन. उन्हाळ्यात साईडपट्टी डांबरापासून वीतभर खाली गेलेली असते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते. डावी दोन चाकं खाली गेली की गाडी रानाकडं ओढते. घाबरलेला माणूस स्टेअरिंग झटक्यानं उजवीकडं मारतो आणि गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. मागच्याच्या रागापेक्षा ही चूक जास्त जीव घेते. पूर्ण बाजूला व्हायचंच असेल तर रुंद जागा बघा, पेट्रोल पंप, हॉटेलाचं अंगण, फाट्यावरचा थांबा. तिथवर डावा इंडिकेटर चालू ठेवून चला. मागच्याला कळतं की ही बाजूला होणार आहे. अर्धा राग तिथंच उतरतो, हा माझा अनुभव आहे. लोकांना थांबण्यापेक्षा ‘हा मला मोजतच नाही’ हे जास्त झोंबतं.

तुमच्याकडून साईड द्यायला उशीर झाला हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. ते प्रामाणिकपणे लिहिलंत याचं मला बरं वाटलं. त्यानं त्याच्या शिव्यांचं समर्थन होत नाही, पण उद्याच्या दृष्टीनं आपल्या हातात असलेला भाग तेवढाच आहे.

पुढं जाऊन त्यानं ब्रेक मारला, तो क्षण जिवावरचा होता. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेक लाईट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी चार गाड्यांच्या लांबीएवढं अंतर गेलेलं असतं. म्हणून रागावलेला माणूस ओव्हरटेक करून पुढं गेला की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडायचा आणि अंतर पडू द्यायचं. तो पुढं गेला म्हणजे सुटलो, असं धरून चालायचं नाही. त्यानं ब्रेक मारलाच तर आपला ब्रेक सरळ रेषेत दाबायचा. वाचवायला उजवीकडं कापायचं नाही, समोरून ट्रक येत असतो. तुमची गाडी २०१९ नंतरची असेल तर तिला एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असणार. जोरात ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरतं. नवीन माणूस घाबरून पाय उचलतो. उचलू नका, ते थरथरणं म्हणजे ब्रेक काम करतोय. एखाद्या रविवारी मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नाही हे बघून, ताशी ३० च्या वेगात दोन-तीनदा जोरात ब्रेक मारून बघा. एकदा पायाला ते कळलं की भीती अर्धी होते.

त्यानं गाडी आडवी लावली तेव्हा तुम्ही त्याच्या किती जवळ थांबलात? थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढी जागा सोडायची. मग रिव्हर्स न घेता बाजूनं निघता येतं. ही सवय सिग्नलला, टोलनाक्याला, उसाच्या ट्रॉलीमागं, सगळीकडं लावून घ्या. जागा असेल आणि रस्ता मोकळा असेल तर निघून जा. नसेल तर इंजिन चालू, दारं लॉक, काच वर, पाय ब्रेकवर.

काच वरच ठेवायची. मी यावर ठाम आहे. काच खाली गेली की तीन गोष्टी होतात. त्याचा हात आत येऊ शकतो, चावीपर्यंत किंवा तुमच्यापर्यंत. त्याचे शब्द लेकराच्या कानात जातात. आणि तिसरं म्हणजे तुम्ही भांडणात आलात. तोवर तो एकटाच ओरडत होता. एकट्यानं ओरडणारा माणूस मिनिट-दोन मिनिटांत दमतो, कारण मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागतात आणि जमलेले लोक त्याच्याकडं बघत असतात. समोरून आवाज आला की त्याला पुन्हा जोर येतो.

काचेआडून काय करायचं? दोन्ही हात दिसतील असे वर घ्या, किंवा हात जोडा. डोळ्याला डोळा लावून बसू नका, त्याच्या खांद्याकडं बघा. ओठ हलले तरी चालतील, ‘दादा, चुकलं, जाऊ द्या.’ तुम्ही म्हणाल चूक नसताना का म्हणायचं. गाडीला गाडी लागलेली नसेल तर या शब्दांना काही किंमत द्यावी लागत नाही. तिथून निघायचं असतं, म्हणून म्हणायचे. गाडीला गाडी लागली असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. मग चूक कुणाची हे रस्त्यात ठरवायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत आणि ‘भरून देते’ असंही म्हणायचं नाही. फोटो, नंबर, विमा, पोलीस याच क्रमानं जायचं. आणि कुणाला लागलं असेल तर १०८ ला फोन आधी.

आता इथली एक खास गोष्ट, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात ती नसते. आपल्याकडं भांडणात दुसरं वाक्य असतं, ‘तुला माहीत नाही मी कोणाचा माणूस आहे’, आणि तिसरा प्रश्न असतो, ‘गाव कोणतं तुझं?’ गावावरून आडनाव निघतं, आडनावावरून पुढचं सगळं. जमलेल्यांत कुणी याच्या बाजूचा असतो, कुणी त्याच्या. रस्त्यावरचं भांडण आडनावापर्यंत गेलं की ते रस्त्याचं राहत नाही, दोन गावांचं होतं, आणि आठ दिवसांनी तिसऱ्याच माणसाला मार बसतो. म्हणून गाव सांगायचं नाही, आडनाव सांगायचं नाही, आणि समोरच्यालाही विचारायचं नाही. आपल्या ओळखीच्या कोणा पुढाऱ्याचं, फौजदाराचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. नाव घेतलं की तोही नाव घेतो. गाडीच्या पासिंगवरूनही लोक बोलतात, ‘बारा पासिंगवाले पुण्याहून येऊन आम्हाला शिकवतात’ वगैरे. तुमची चोवीस पासिंगची गाडी आहे, तुमच्यावर ती वेळ येणार नाही. पण बाहेरच्या पासिंगची गाडी अडवलेली दिसली तर जमलेल्यांत उभं राहून आपणही बोलू नये, एवढं आपल्या सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

तुमच्या भित्रेपणाच्या प्रश्नाला मी माझ्याच एका दिवसानं उत्तर देतो. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

ट्रकवर होतो तेव्हाची गोष्ट. सोयाबीन भरून लातूरच्या आडत बाजारात चाललो होतो. माल एका शेतकऱ्याचा, तो केबिनमध्ये माझ्या शेजारी बसलेला. एका टेम्पोनं कट मारला, माझा डावा आरसा मोडून गेला आणि थांबला नाही. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या मागं लागलो. आमचा वळायचा फाटा आला, गेला, मला दिसलाच नाही. भरल्या ट्रकनं मी त्याच्या मागं अकरा किलोमीटर गेलो. दोनदा वळणावर ओव्हरटेक करायला बघितलं. शेतकरी दोन्ही हातांनी समोरचं पाईप धरून बसला होता, एक शब्द बोलला नाही. टेम्पो कुठल्यातरी कच्च्या रस्त्यानं निघून गेला. मी परत फिरलो, बाजारात पोचलो तर त्या दिवशीचा सौदा होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी भाव उतरला. किती उतरला ते सांगत नाही, पण त्याच्या घरात तो आकडा लहान नव्हता. हिशेबाची पट्टी हातात घेऊन तो शेतकरी मला एवढंच म्हणाला, ‘ड्रायव्हरसाहेब, माल माझा होता ना गाडीत.’

मला वाटत होतं मी माझ्या इज्जतीसाठी चाललोय. गाडीत माल कुणाचा होता ते मी अकरा किलोमीटर विसरून गेलो होतो. त्यानंतर मी गाडी सुरू करताना आधी गाडीत काय आहे ते बघतो. मी शिकवतो तेव्हाही स्टार्टर मारायच्या आधी विचारतो, आज गाडीत कोण आहे? तुमच्या गाडीत त्या दिवशी आठ वर्षांची मुलगी होती. तुम्ही त्याला जाऊ दिलं असतं तर ते त्याच्यासाठी नसतं, तिच्यासाठी असतं. भित्रा माणूस काय करायचं ते न कळल्यामुळं गप्प बसतो. तुम्ही काय करायचं ते आधी ठरवून गप्प बसलात तर त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. हा फरक बाहेरून दिसत नाही हे खरं. जमलेल्यांना तो दिसत नाही. पण त्यातलं एकही माणूस उद्या तुमच्या घरी येणार नाही.

आणि गप्प बसायचं म्हणजे सोडून द्यायचं, असंही नाही. इथं मी थोडा आग्रही आहे, कारण भले लोक तक्रार करत नाहीत म्हणून असे लोक रोज तोच रस्ता वापरतात. तुमच्या बाबतीत त्यानं केलेलं तक्रारीच्या लायकीचं आहे. गाडी आडवी लावून रस्ता अडवणं हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १२६ खालचा गुन्हा आहे. बेदरकार गाडी चालवणं कलम २८१ मध्ये येतं, जिवाची धमकी दिली असेल तर कलम ३५१. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये धोकादायक चालवण्यासाठी कलम १८४ आहे. ही कलमं पाठ करायची गरज नाही. अर्जात घडलेलं सरळ लिहा, तारीख, वेळ, कोणता फाटा किंवा किलोमीटरचा दगड, गाडीचा नंबर, रंग, त्यानं काय केलं, काय म्हणाला. रागाची विशेषणं काढून टाका. कलम लावायचं काम पोलिसांचं. ‘ही आमची हद्द नाही’ असं उत्तर मिळालं तर लक्षात ठेवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. आणि ऑनलाइन कळवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

प्रसंग चालू असताना ११२. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली, अपघात झाला तर १०३३. दोन्ही नंबर मोबाइलमध्ये वरच्या जागी ठेवा, पण चालत्या गाडीत स्वतः लावू नका. थांबल्यावर लावा किंवा शेजारच्याला सांगा. तो माणूस मागं लागून राहिला तर घराकडं वळू नका, घर दाखवायचं नाही. पोलीस ठाणं, बसस्थानक, गजबजलेला पंप, जिथं उजेड आणि माणसं आहेत तिथं जा आणि गाडीतच बसून हॉर्न वाजवा. चार-पाच हजारांचा डॅशकॅम, म्हणजे गाडीत पुढं लावायचा कॅमेरा, मिळतो, रोज इतका प्रवास असेल तर घ्या. पुराव्याला उपयोगी आहेच. त्याहून मोठा उपयोग म्हणजे तो लावलेला असला की आपलं आपल्यालाच बरोबर-चूक सिद्ध करण्याची घाई राहत नाही.

गाडीला गाडी लागून कुणी जखमी झालं असेल तर निघून जायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ जखमीला मदत करायला आणि पोलिसांना कळवायला सांगतं, कमाल २४ तासांच्या आत. पण त्याच कलमात जमाव अंगावर आल्यामुळं थांबणं शक्य नसेल तर ते मान्य केलेलं आहे. अशा वेळी सरळ जवळच्या ठाण्यात जायचं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि भीतीनं ते घरी जातात, मग गुन्हा वाढतो.

तुमच्या हातांच्या थरथरीबद्दल. ती दुबळेपणाची खूण नाही. अंगावर कुणी आलं की शरीर मारामारीची नाहीतर पळण्याची तयारी करतं, छाती धडधडते, हाताला कंप सुटतो, नजर अरुंद होते. हे ओसरायला वेळ लागतो. तेवढ्यात गाडी चालवली तर आरसे बघायचे राहतात, गिअर चुकतो. म्हणून असं काही झालं की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं, पाणी प्यायचं, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची. फोनवर घरी सांगायचं तेही थांबूनच. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर तापमानात, उपाशीपोटी, उशीर झालेला असताना हे सगळं दुप्पट होतं, तुमचंही आणि मागच्याचंही. घरून पंधरा मिनिटं लवकर निघणं हा माझ्या माहितीतला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. साखर कारखाने चालू झाले की, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, वीस मिनिटं धरा. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, स्पीकर एवढा मोठा की त्याला तुमचा हॉर्नच ऐकू येत नाही. त्याच्यावर चिडून उपयोग नसतो. नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत तुळजापूरच्या रस्त्यांवर पायी जाणारे भाविक असतात. त्या दिवसांत तिकडं जायचं तर रात्रीचा प्रवासच टाळा.

घरच्यांनी गाडी सोड म्हणणं काळजीपोटी आहे, पण सोडू नका. आता सोडलीत तर परत हात घालणं फार जड जातं. माझ्याकडं अशा चार-पाच जणी परत आल्या. प्रत्येकीला पहिल्यांदा शिकताना लागला त्याहून जास्त वेळ लागला. मुलीशीही बोला. त्या दिवशी काय झालं ते तिला नीट सांगा, की त्या काकांना राग आला होता, आईलाही आला, पुढच्या वेळी आपण त्यांना जाऊ देऊ. लेकरं हॉर्नपेक्षा आईचा चेहरा जास्त बघतात. मग पुढच्या वेळी तिलाच काम द्या, ‘काच वर आहे का बघ गं.’

येत्या रविवारी सकाळी सातला निघा, घरच्यांपैकी एकाला शेजारी बसवा आणि त्यांना सांगा की रेणापूर फाट्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. वाटेत पाच गाड्यांना ठरवून साईड द्या, हॉर्न वाजायच्या आधीच, आरशात गाडी दिसल्या दिसल्या. फाट्यावर चहा घ्या, गाडी वळवा आणि येताना परत पाच. पुढच्या रविवारी आणखी थोडं पुढं. रोज शाळेला किती वाजता निघता ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेही कळवा, कारण सकाळी सातचा तो रस्ता आणि दहाचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत.